112 कार्डांचा गेम 108 मध्ये कसा बसवला: एका प्रकरणाची पूर्ण हकिगत

गेम जवळपास तयार होता. करार झालेला, ॲडव्हान्स खात्यात आलेला, चित्रकाराची निम्मी कार्डं रंगवून झालेली, आणि मग पब्लिशरकडच्या प्रॉडक्शन बघणाऱ्या माणसाचा मेल आला की कार्डं 112 होतायत, 108 झाली तर बरं, नाहीतर किंमत परत बसवावी लागेल. चार कार्डं. बाहेरच्या माणसाला वाटेल यात काय एवढं, 112 मधून चार गेली तर कोणाला कळणार पण नाही. हे सगळं प्रकरण त्या चार कार्डांचं आहे, आणि बोर्ड गेम बनवणाऱ्या माणसाचं रोजचं काम नक्की काय असतं हे यातून जितकं दिसतं तितकं "आयडिया कशी सुचली" वाल्या मुलाखतींतून दिसत नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

मी या गेमचा डिझायनर नाही. मला ब्लाइंड टेस्ट, म्हणजे गेम कधीही न पाहिलेल्या लोकांकडून खेळवून बघणं, चालवायला आणि नोंदी ठेवायला घेतलं होतं. गेमचं, डिझायनरचं, पब्लिशरचं नाव देत नाही, करारात गुप्ततेचं कलम आहे आणि नावांवाचून काही अडतही नाही. डिझायनर बाई आहे, तिची रोजची कमाई गेममधून कमी आणि कोड्यांतून जास्त येते, म्हणजे मासिकांना दर महिन्याला लॉजिक पझल्स बनवून द्यायची. हा तपशील पुढे कामाला येणार आहे.

आधी गेम समजून घ्या, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. जहाज बुडतंय, खेळाडू दोन ते चार, सगळे एकाच बाजूला. दहा दारं बंद केली की जिंकलात, तेरावं पाणी आलं की बुडालात. मधल्या गठ्ठ्यात 80 कार्डं, त्यातली 64 सामानाची आणि 16 पाण्याची. आपल्या पाळीला एक कार्ड ओढायचं, सामान आलं तर हातात, पाणी आलं तर पाण्याच्या पट्टीवरची खूण एक घर वर आणि समोरचं एक दार वाहून जातं, त्याच्या जागी नवं येतं. सामान चार रंगांचं, त्यावर 1 ते 4 आकडे. समोर कायम दोन दारं उघडी, आणि दारावर लिहिलेलं असतं काय लागेल ते, समजा तीन लाल आणि बेरीज बरोबर 8. ही तीन कार्डं वेगवेगळ्या लोकांच्या हातातून येऊ शकतात, पण मेख अशी की आपल्याकडे कुठले रंग आहेत ते खुशाल सांगा, आकडा मात्र सांगायचा नाही. दारं एकूण 24, चार रंग आणि प्रत्येक रंगात 5 ते 10 अशा सहा बेरजा. उरलेल्या आठ कार्डांत चार भूमिका (कप्तान, सुतार, खलाशी, टेहळ्या) आणि चार मदत-कार्डं, म्हणजे प्रत्येकाच्या पुढ्यात एक, पाळीत आधी काय मग काय ते क्रमाने छापलेलं. 64, 16, 24, 4, 4. झाले 112.

आता 108 च का. नेहमीच्या पोकर साइजची, म्हणजे 63 बाय 88 मिलिमीटरची कार्डं सुटी सुटी छापत नाहीत, मोठ्या शीटवर एकदम छापून मग कापतात, आणि बऱ्याच कारखान्यांत एका शीटवर 54 बसतात, नवाच्या सहा ओळी. दोन शीट म्हणजे 108. तुम्ही 109 केलीत की तिसरं शीट चालू झालं, त्याचा कागद, छपाई, कोटिंग, कटिंग सगळं भरायचं, आणि त्यावरच्या बहुतेक जागा वाया. 112 म्हणजे तिसऱ्या शीटवर चार कार्डं आणि 50 रिकामे चौकोन. पब्लिशरच्या डोळ्यांना हे कसं दिसत असेल विचार करा. त्यात या धंद्यात एक जुना ढोबळ नियम आहे की दुकानातली किंमत उत्पादनखर्चाच्या साधारण पाचपट तरी असायला हवी, कारण मधे वाहतूक, गोदाम, वितरक, दुकानदार सगळ्यांचा वाटा असतो, त्यामुळे कारखान्यात वाढलेला छोटासा खर्च दुकानात पोचेपर्यंत चांगलाच फुगतो. लहान बॉक्सचा गेम एका किमतीच्या वर गेला की लोक हात मागे घेतात.

डिझायनरला याचं काय? तिला रॉयल्टी मिळते, ती बहुतेक करारांत पब्लिशरला प्रत्यक्ष मिळालेल्या रकमेच्या चार ते आठ टक्क्यांच्या मधे कुठेतरी असते, छापील किमतीच्या नाही, आणि आधी दिलेला ॲडव्हान्स त्यातून फिटेपर्यंत पुढचं काही येत नाही. म्हणजे महाग गेम कमी खपला तर तिचंच नुकसान. त्यामुळे "माझी कला, मी एकही कार्ड कमी करणार नाही" असला बाणा तिने दाखवला नाही. तसा बाणा दाखवणारे असतात, त्यांचे प्रोटोटाइप, म्हणजे छापण्याआधीचे नमुने, कपाटात छान दिसतात.

तर चार कार्डं कुठून काढायची. तिने पहिल्या दिवशी कागद घेऊन जे केलं ते मला फार आवडलं, कारण तिने मत मांडलं नाही, सरळ मोजायला बसली. सामानाचं प्रत्येक रंगातून एक काढलं तर गठ्ठा 76 चा होतो, पाणी 16 च राहतं. तेरावं पाणी आधी सरासरी 62 व्या कार्डाच्या आसपास यायचं, आता 59 व्या आसपास येणार, म्हणजे चार जणांच्या खेळात पाऊण फेरी गेली. ऐकायला किरकोळ वाटतं, पण ज्या गेममध्ये लोक शेवटच्या फेरीत एका दाराने हरतात किंवा जिंकतात तिथे पाऊण फेरी म्हणजे निकालच. शिवाय रंगात 16 म्हणजे प्रत्येक आकड्याची चार चार कार्डं, एक काढलं की कुठला तरी आकडा तीनवर येतो आणि मग तो कुठला हे नियमांत सांगावं लागतं.

पाण्याची चार काढली तर? मग पाणी 12 च, तेरावं येणारच नाही, मर्यादा दहावर आणावी लागेल. सरासरी लांबी तीच 59 च्या आसपास येते, पण नशिबाचा हात वाढतो, कारण प्रत्येक पाण्याचं वजन वाढलं. आणि सुरुवातीची हवा जाते. आत्ता पहिल्या फेरीत चारही जणांना सामान येऊन एकदाही पाणी न येण्याची शक्यता साधारण 40 टक्के आहे, पाण्याची चार काढली की ती 50 टक्क्यांच्या जवळ पोचते. म्हणजे निम्मे गट पहिली फेरी निवांत खेळणार, आणि बुडणाऱ्या जहाजावर निवांतपणा कोणाला हवाय.

दारांवर माझी स्वतःची नजर होती, कारण जिंकायला दहा लागतात आणि ठेवलीत 24. पण तिने तिथेच गणित दाखवलं. अगदी वाईट खेळात नऊ दारं बंद झालेली, बारा पाण्यांनी बारा वाहून गेलेली आणि दोन समोर उघडी, झाली की 23. 24 मध्ये जेमतेम भागतं. 20 केली तर शेवटाला दारंच संपणार, मग वाहून गेलेली परत पिसा असा अजून एक नियम लिहा, आणि कुठली दारं आता येणार नाहीत हे लक्षात ठेवणाऱ्यांचं सगळं डोकं फुकट. हे कोड्यांच्या माणसाचं गणित आहे. सुडोकूत किमान 17 आकडे दिलेले लागतात, 16 वर एकच उत्तर असलेलं कोडं बनतच नाही, हे 2012 मध्ये कॉम्प्युटरने सगळ्या शक्यता पालथ्या घालून सिद्ध झालं, आणि असल्या कामात वाढलेल्या माणसाला "24 जरा जास्त वाटतात" या वाक्यातल्या वाटण्याला काही किंमत नसते. ती आधी सगळ्यात वाईट केस शोधते.

मग उरली मदत-कार्डं. चारच्या चार. पब्लिशरकडचा एडिटर म्हणाला यात विचार काय करायचा, ती गेमचा भागच नाहीयेत, कोणी ती खेळत नाही, रूलबुकच्या मागच्या पानावर तोच मजकूर टाकू. रूलबुक आठ पानांचं होतं (मधे पिना मारलेल्या पुस्तिकेची पानं चारच्या पटीत वाढतात, म्हणून नऊ करता येत नाहीत), मागचं पान जाहिरातीला ठेवलं होतं, ते मोकळं केलं. गणिताला धक्का नाही, चित्रकाराला काम नाही, खर्च शून्य. डिझायनरही हो म्हणाली. कागदावर यापेक्षा स्वच्छ उत्तर नव्हतं.

पुढचं सांगायच्या आधी थोडं मागे जावं लागतं. सगळे मिळून खेळायच्या गेमचं एक जुनं दुखणं आहे, एकच माणूस सगळ्यांच्या चाली ठरवायला लागतो. मॅट लीकॉकचा पँडेमिक हा गेम 2008 मध्ये आला आणि हा प्रकार खूप लोकप्रिय झाला, पण त्याच्याबरोबर ही तक्रारही घरोघर पोचली. कारण सोपं आहे, सगळी माहिती टेबलावर उघडी असेल तर तो गेम म्हणजे एक कोडं आहे, आणि कोडं सोडवायला एक डोकं पुरतं, बाकीचे तीन फक्त हात. यावर उपाय म्हणून डिझायनर लोक माहिती वाटून टाकायला लागले. आंत्वान बोझाच्या हनाबीत (2010) तुमची कार्डं तुम्हालाच दिसत नाहीत, समोरच्यांना दिसतात. 2019 च्या द क्रू मध्ये आपल्या पत्त्यांबद्दल जवळपास काही बोलताच येत नाही. आमच्या गेममधला "रंग सांगा, आकडा नको" हा नियम त्याच घराण्यातला, आणि आधीच्या सगळ्या टेस्टमध्ये तो चालला होता. बॉसगिरीचा प्रश्न सुटला म्हणून त्या विषयाची फाइल बंद होती.

आता नवी ब्लाइंड टेस्ट. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ब्लाइंड टेस्ट म्हणजे गेम कधीही न पाहिलेल्या लोकांना बंद बॉक्स द्यायचा आणि गप्प बसायचं. ते चुकीचं खेळले तरी गप्प, तुमच्याकडे बघून विचारलं तरी गप्प. डिझायनरला खोलीत ठेवतच नाहीत, कारण तिच्या चेहऱ्यावरून लोक उत्तर वाचतात. मी कोपऱ्यात वही घेऊन. चार कार्डं काढलेला, मदतीचा मजकूर रूलबुकच्या मागे छापलेला असा प्रोटोटाइप वेगवेगळ्या गटांपुढे ठेवला.

खेळून झाल्यावर लोकांनी जे सांगितलं ते असं: गेम चांगला आहे, जरा लांब वाटला, अजून थोडे ॲक्शन हवे होते, टेहळ्याची भूमिका किचकट आहे. मदत-कार्डांबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही, काढणार तरी कसं, ती कधी होती हेच त्यांना माहीत नाही. नुसते फॉर्म वाचले असते तर आम्ही पास झालो असतो.

वहीत मात्र वेगळंच होतं. प्रत्येक गटात एका माणसाने नियम मोठ्याने वाचले, तसं तर होतंच, पण नंतर रूलबुक त्याच्याच हाताशी राहिलं. दुसऱ्याची पाळी आली की तो या वाचणाऱ्याला विचारायचा, "आता मी काय करायचं?" प्रश्न साधा आहे, क्रमाचा आहे, म्हणजे आधी ओढायचं की आधी द्यायचं. पण उत्तर काय यायचं? "आता तू कार्ड ओढ, आणि मग ते हिरवं हिला दे." बघा काय झालं ते. विचारलं होतं नियम, मिळाली चाल. आणि विचारणाऱ्याने ती खेळून टाकली, कारण त्याला वाटलं नियमच तसा आहे! असं दोनतीन पाळ्या झालं की तो माणूस आपल्या हातातली कार्डं बघणंच सोडून देतो. गेम लांब वाटला या तक्रारीचं मूळही तिथेच होतं, कारण लांबी तेवढीच होती, फक्त आता तीन जण वाट बघत होते आणि एक जण खेळत होता.

आकडा लपवून चालींची बॉसगिरी थांबते, पण ज्याच्या हातात नियम तो दुसऱ्या प्रकारचा बॉस होतो, आणि हा दुसरा बॉस इतके दिवस दिसला नाही कारण प्रत्येकाच्या पुढ्यात स्वतःचं मदत-कार्ड होतं. लोक खाली बघायचे, क्रम वाचायचे, कोणाला विचारायचे नाहीत. ती कार्डं कोणी खेळत नव्हतं हे एडिटरचं म्हणणं खरंच होतं. तरी टेबलावर कोणाला कोणावर अवलंबून राहावं लागतं हे तीच ठरवत होती. मला विचाराल तर या पूर्ण प्रकरणातली शिकण्यासारखी गोष्ट ही एवढीच आहे, पुढचं सगळं ती निस्तरायची कारागिरी.

एडिटरला हे पटवायला वेळ लागला. त्याचं म्हणणं की असे लोक असतातच, गेम काय करणार. मग रेकॉर्डिंगमधले ते प्रश्न आणि उत्तरं एकापाठोपाठ लावून ऐकवली, जुन्या टेस्टची आणि नव्या टेस्टची, तेव्हा तो गप्प झाला. गप्प झाला म्हणजे मानलं असं नाही, पण "बरं, मग 108 मध्ये कसं करायचं ते सांगा" इथवर आला. ते पुरेसं होतं.

पहिला उपाय पंचबोर्डचा. पाण्याची खूण आणि दारांच्या टोकन जाड पुठ्ठ्याच्या शीटमधून ठोकून निघत होत्या, त्यात कोपऱ्यात जागा रिकामी होती, तिथे चार मदत-पट्ट्या बसतील असं डिझायनरने मोजून दाखवलं. कागदावर बसल्याही. पण कापायच्या डायला दोन तुकड्यांत ठराविक अंतर लागतं, त्यामुळे पट्ट्या अरुंद झाल्या, आणि दोन मिलिमीटर जाडीच्या चार पट्ट्या म्हणजे आठ मिलिमीटरची थप्पी, ती लहान बॉक्सच्या आतल्या खाचेत बसेना, झाकण वर राहायला लागलं. बॉक्स बदला म्हटलं तर तिसऱ्या शीटपेक्षा महाग. सोडून दिलं.

दुसरा उपाय भूमिकांच्या कार्डांवर. भूमिकेचं कार्ड खेळभर आपल्यापुढे उताणं पडलेलं असतं, म्हणजे मदत-कार्डाची जागा त्याने घ्यायला काही हरकत नाही. पण त्यावर आधीच भूमिकेचं चित्र, नाव आणि मजकूर होता, आणि मोकळी जागा खालची एक पट्टी, बस. मागच्या बाजूला छापू असं कोणीतरी सुचवलं, पण कार्ड उलटं करून बघायला लागलं की बघणार कोण, परत शेजाऱ्यालाच विचारणार. म्हणून समोरच्याच बाजूला बसवायचं ठरलं, आणि मग मजकुराची खरी काटाकाटी चालू झाली.

इथे छपाईतली अजून एक गोष्ट. पब्लिशर एकाच वेळी तीनचार भाषांत गेम छापतो, तेव्हा चित्रांच्या तीन रंगांच्या प्लेटा सगळ्यांना सारख्याच ठेवतात आणि मजकूर फक्त काळ्या शाईत ठेवून भाषेप्रमाणे एकटी काळी प्लेट बदलतात. म्हणून मजकूर रंगीत करता येत नाही, चित्रात मिसळता येत नाही, आणि जागा सगळ्यात लांब भाषेच्या हिशोबाने सोडावी लागते, इंग्रजीत एका ओळीत बसलेलं जर्मनमध्ये सहज दुसऱ्या ओळीत जातं. तर पाळीचे चार टप्पे शब्दांऐवजी चार खुणांत दाखवायचे ठरले. हात-आणि-कार्ड म्हणजे ओढ, बाण म्हणजे दे, दार म्हणजे बंद कर, लाट म्हणजे पाणी आलंय का बघ. खुणा कळतात का हे तपासायला तिने नियम न सांगता नुसती पट्टी लोकांना दाखवून "इथे काय करायचं असेल" असं विचारलं. बाण आणि दार सगळ्यांना कळलं, लाटेला लोक "पोहा" म्हणाले. ती परत काढली. सामानाच्या चार रंगांना चार आकारही आधीपासून होते (लाल-हिरवा गोंधळ होणारे पुरुष साधारण बारात एक असतात, म्हणजे चार जणांच्या टेबलावर तो कधी ना कधी येणारच), त्या आकारांत आणि या खुणांत घोळ होऊ नये हेही बघावं लागलं. या एवढ्याशा पट्टीवर जेवढा वेळ गेला तेवढा दारांच्या बेरजांवर गेला नव्हता.

कप्तान, सुतार, खलाशी यांचा मजकूर दोन ओळींत आला. टेहळ्या येईना. त्याची मूळ ताकद अशी होती की पाळीच्या सुरुवातीला गठ्ठ्यातली वरची तीन कार्डं बघायची, हव्या त्या क्रमाने परत ठेवायची, पण त्यात पाणी असेल तर बोलायचं नाही, आणि दोन पाणी असतील तर एक लगेच उघड करायचं. डिझायनरची ही लाडकी भूमिका. गेमची पहिली कल्पनाच यातून निघालेली. आणि टेस्टवाले हीच किचकट म्हणत होते, पण ती तिकडे कानाडोळा करत होती, जे मी समजू शकतो. आता पट्टीने निर्णय तिच्या हातातून काढून घेतला. नवा टेहळ्या: वरचं एक कार्ड बघ, हवं तर तळाशी घाल. संपलं.

यात एक गंमत निघाली. पाणी तळाशी घातलं तरी ते गठ्ठ्यातून जात नाही, शेवटी वाट बघत बसतं, म्हणजे टेहळ्या पाणी उधारीवर ढकलतो. लवकर जिंकलात तर उधारी बुडवली, रेंगाळलात तर शेवटच्या फेऱ्यांत सगळं एकदम अंगावर. जुन्या टेहळ्यात असला चढता शेवट नव्हता. पण नवी ताकद जास्त भारी निघाली. साध्या ओढीत पाणी येण्याची शक्यता पाचात एक, टेहळ्याच्या ओढीत ती पंचविसात एकच्या आसपास आली, कारण लागोपाठ दोन पाणी असतील तरच त्याला ते लागणार. गेम सोपा झाला, म्हणून बुडायची मर्यादा तेरावरून बारावर आणली. गठ्ठ्याच्या गणिताला हात लागू नये म्हणून एवढा खटाटोप, आणि शेवटी लागलाच! तरी हा बदल पाण्याच्या पट्टीवरचं एक घर कमी करण्याइतका होता, आणि बोर्ड अजून छापायला गेलं नव्हतं.

आता भांडणाचा भाग. टेहळ्या बदलायला पब्लिशरला तिची परवानगी लागते का? करारात लिहिलं होतं की अंतिम निर्णय पब्लिशरचा, डिझायनरशी सल्लामसलत करून. सल्लामसलत म्हणजे काय ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. असली कलमं खूप करारांत असतात आणि सगळं छान चाललेलं असताना कोणी वाचत नाही. तिने दोन गोष्टी मागितल्या, की बदललेली भूमिका तिच्या टेस्टनंतरच फायनल होईल आणि बॉक्सवरचं तिचं नाव आहे तिथेच, समोर राहील. दुसरी मागणी लोकांना मानापमानाची वाटते, पण नाव बॉक्सवर येणं हे आपोआप मिळालेलं नाही. एलिझाबेथ मॅगीने 1904 मध्ये लँडलॉर्ड्स गेमचं पेटंट घेतलं, त्यातूनच पुढे मोनोपॉली आला, आणि 1935 मध्ये पार्कर ब्रदर्स कंपनीने तिचे हक्क 500 डॉलरला घेतले, नाव मात्र बरीच वर्षं मोनोपॉली त्या कंपनीला विकणाऱ्या चार्ल्स डॅरोचं गाजलं. 1988 मध्ये न्यूरेंबर्गच्या खेळण्यांच्या मेळ्यात काही डिझायनरांनी बिअरच्या ग्लासाखालच्या पुठ्ठ्यावर सह्या केल्या की बॉक्सवर नाव नसेल तर गेम देणार नाही, तिथून जर्मनीतली पद्धत बदलायला लागली. शिवाय गेमच्या नियमांना, म्हणजे खेळायच्या पद्धतीला, कॉपीराइट सहसा मिळत नाही, मिळतो तो लिहिलेल्या मजकुराला आणि चित्रांना. मग डिझायनरकडे शेवटी उरतं काय, नाव आणि करार. एडिटरने दोन्ही मागण्या मेलवर मान्य केल्या. मेलवर घेतलं हे तिने शहाणपणाचं केलं.

हे चालू असताना बाईंची बाकीची कामं थांबलेली नव्हती. मासिकांची कोडी ठरल्या तारखेला जायलाच लागतात, प्रत्येक कोडं सॉल्व्हरमधून, म्हणजे कोडी सोडवणाऱ्या प्रोग्राममधून काढून एकच उत्तर आहे ना ते बघायचं, मग स्वतः हाताने सोडवून बघायचं, कारण सॉल्व्हरला एखादी पायरी कंटाळवाणी आहे हे कळत नाही. रॉयल्टीचा हिशोब वर्षातून एकदोनदा येतो, कोड्यांचे पैसे दर महिन्याला, तेव्हा पोट कशावर चालतं ते उघड आहे. या गेमवरच्या फेऱ्यांना वेगळा मोबदला नव्हता. ॲडव्हान्समध्येच सगळं आलं असं धरलेलं असतं, आणि हे मला तेव्हाही चुकीचं वाटलं, आजही वाटतं. कार्डं कमी करून वाचलेले पैसे पब्लिशरचे, ती कमी करायचे तास डिझायनरचे.

जर्मनीतल्या एसेनच्या ऑक्टोबरातल्या बोर्ड गेमच्या मेळ्याला गेम हवा तर फायली कितीतरी महिने आधी कारखान्यात जाव्या लागतात, समुद्राने माल यायचा असतो, त्यामुळे शेवटची टेस्ट घाईत झाली. नवी पट्टी, नवा टेहळ्या, 64 आणि 16 आणि 24 आणि 4, बरोबर 108. चार जणांच्या गटांत "आता मी काय करायचं" जवळपास बंद झालं, लोक स्वतःच्या पट्टीकडे बघायला लागले, आणि रूलबुक टेबलाच्या कडेला कोणाच्याच मालकीचं नसल्यासारखं पडून राहिलं. तीन जणांतही तसंच. एका गटात तर टेहळ्याने लागोपाठ पाणी तळाशी ढकललं, बाकीचे ओरडायला लागले की अरे शेवटी हे सगळं येणार आहे, आणि तो म्हणाला मला माहितीये. हरले. परत मांडला.

दोन जणांत मात्र अडलंच. दोघांतच सगळं सामान वाटलेलं असलं की निम्मी माहिती एकाच हातात असते, वर रंग मोकळेपणाने सांगता येतात, मग जरा हुशार जोडीदार आकडे अंदाजाने काढतो आणि पहिला, जुना बॉस परत येतो. पट्टीने तो जाणार नव्हताच, तो नियमांचा बॉस नव्हता. डिझायनरचं म्हणणं बॉक्सवर तीन ते चार लिहा. पब्लिशरचं म्हणणं दोन जणांत खेळता येत नाही असं लिहिलेला लहान बॉक्स लोक उचलतच नाहीत. तिने दोघांसाठी वेगळा नियम लिहून दिला, रंगही फक्त एकदाच सांगायचा, पण तो टेस्ट करायला वेळ उरला नव्हता. बॉक्सवर दोन ते चारच छापलं गेलं, दोघांचा नियम रूलबुकच्या मागच्या पानावर गेला, जे आता मोकळं होतं, आणि तो चालतो की नाही यावर डिझायनर आणि पब्लिशर यांचं अजून एकमत नाही.